होडीवरून थेट

बुधवारी आणि रविवारी, सकाळी साडेआठच्या सुमारास केंद्राच्या फाटकाजवळच्या चिऱ्यांच्या बुटक्या गडग्यावर एक पितळी टोप येऊन बसत असे. वर पालथी ताटली, ती वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर एक गुळगुळीत दगड. आत आमसुलाचं सार. आणणारी बाई हाक मारत नसे की कडी वाजवत नसे. शर्वरी दाराबाहेर येईपर्यंत तिची पाठच दिसे. पदर कमरेला खोचलेला, चाल जराशी डावीकडे कललेली, उतारावरून खाली जाता जाता सुरूंच्या आड नाहीशी होणारी.

त्या बाईचं नाव सुगंधा होडेकर. शर्वरीची सासू.

एकाच गावात राहून दोघी जवळजवळ दोन वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. ओजूच्या बारशाला सुगंधाबाई आल्या, पाळण्याला हात लावला, नातीच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि चहा न घेता गेल्या. टोप मात्र जा-ये करत राहिला. शर्वरी सार काढून घेई, टोप घासून लख्ख करी आणि संध्याकाळी परत गडग्यावर ठेवी. रिकामा मात्र नाही. शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे तिला याच सासूने शिकवलं होतं. मग कधी मूठभर साखर, कधी चार केळी, कधी ओजूचा नवा फोटो.

बुधवार-रविवार हे खरं तर मासळीचे वार. होडेकरांच्या चुलीवर त्या दिवशी नुसतं सार कधी झालं नव्हतं. पण खाडी बंद होती. आणि ती बंद झाली होती शर्वरीमुळे. निदान गाव तरी तसंच समजत होतं.

मुरवंडीच्या खाडीच्या तोंडाशी, टेकाडावर हे केंद्र. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. गाव त्याला ‘कासवांचा दवाखाना’ म्हणे. आत कासव एकही नव्हतं, होत्या त्या कासवाच्या पेशी. अकरा वर्षांपूर्वी तुटक्या जाळ्यात गुरफटलेली एक कासवीण किनाऱ्याला लागली होती. तिला सोडवताना कोणीतरी तिच्या मानेच्या कातडीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून घेतला आणि संध्याकाळच्या भरतीला तिला पाण्यात सोडून दिलं. ती गेली ती गेलीच. तो दाणा मात्र काचेच्या सपाट बाटलीत, गुलाबी पोषकद्रवात वाढत राहिला. एका पेशीच्या दोन, दोनच्या चार, अशा करत करत किनाऱ्यावरच्या नऊ केंद्रांना पुरून उरतील इतक्या झाल्या. माणसाच्या पेशीला सदतीस अंशांची ऊब लागते, हिला तीस पुरे. केंद्रप्रमुख दळवी मॅडम म्हणायच्या, ‘‘वीज गेली तरी आपली कोकणातली दुपार हिला सांभाळून घेते.’’ रोज सकाळी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘‘कासविणीला खायला घातलंस का गं?’’

कासवच का, तर समुद्रात जे जे सोडलं जातं ते शेवटी त्याच्या अंगात उतरतं. वर्षानुवर्षं जगायचं, शेवाळापासून खेकड्यापर्यंत सगळं खायचं आणि शिसं, पारा, कॅडमियम अंगात साठवत जायचं. अशा जिवाची पेशी चिवट असते. नाजूक पेशींवर विषाचा थेंब पडला की त्या मरून मोकळ्या होतात, विचारायला मागे काही उरत नाही. कासवाची पेशी सावकाश मरते, आणि मरता मरता आपण कशाने मरतोय ते दाखवत जाते. पारा असेल तर तिच्या आतला धाग्यांचा सांगाडा ढासळतो. कॅडमियम असेल तर ती आक्रसून काचेवरून सुटते. शिशाने तिच्या कडांना बारीक फोड येतात. रसायनं मोजणारं यंत्र फक्त विष किती आहे ते सांगतं, ते जिवंत शरीरात गेल्यावर काय करेल ते पेशी सांगते. म्हणून कायदा असा झाला होता की मासळीचा अर्क या पेशींवर घालायचा, आणि अठ्ठेचाळीस तासांत निम्म्याहून जास्त पेशी मेल्या तर ती खाडी तीन वर्षं बंद.

मुरवंडीच्या तिन्ही नमुन्यांनी निम्म्याहून जास्त पेशी मारल्या होत्या.

ते गावाला सांगायला केंद्राने शर्वरीलाच पुढे केलं होतं. होडेकरांची सून, केंद्रातच तपासणीचं काम करणारी, रत्नागिरीच्या कॉलेजातून सूक्ष्मजीवशास्त्र शिकून आलेली, गावाच्या भाषेत समजावेल. नववा महिना लागायला चार दिवस होते. समाजमंदिरात ती पोटावर हात ठेवून उभी राहिली तेव्हा मागून एका म्हाताऱ्याने विचारलं होतं, ‘‘अगो, पाणी तर चांगलं आलं ना तुझ्या तपासणीत? मग मासा कसा वायट?’’

‘‘धातू पाण्यात थांबत नाहीत काका, मासळीच्या अंगात साठतात,’’ ती म्हणाली होती. आणि कोणीतरी हसलं म्हणून चिडून पुढे म्हणाली होती, ‘‘पेशी खोटं बोलत नाहीत. माणसं बोलतात.’’

ते वाक्य गावाने जपून ठेवलं. होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली झाकल्या गेल्या. तिचा नवरा प्रणित गुजरातच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला गेला आणि तीन महिन्यांतून एकदा घरी येऊ लागला. फेरतपासणीचा अर्ज करा, असं केंद्राने सुचवलं तर गावाने एका आवाजात सांगितलं, ‘‘आमचा मासा पुन्हा तुमच्या डब्यात पडायचा नाय.’’ शर्वरीला कोणी वाईट बोललं नाही, आणि तेच जड जाई. ती दुकानात शिरली की चाललेलं बोलणं थांबायचं. तिचं सामान पटकन बांधून मिळायचं. शेवटी बाळंतपणानंतर ती केंद्राच्या वसाहतीतच राहायला आली. पाच खोल्यांपैकी चार रिकाम्या. दिवसभर ओजू आणि ती, आणि तीस अंशांवर वाढणारी ती कासवीण.

ओजू बावीस महिन्यांची झाली तरी बोलत नव्हती. ‘आ’ आणि ‘बू’, बस्स. जेवता जेवता पोट दाबून रडायची. तळहात पांढुरके दिसायचे. आरोग्यकेंद्रातली परिचारिका म्हणाली, ‘‘मुलं बोलतात हो सावकाश. तुमचंच लक्ष जास्त आहे.’’

लक्ष जास्त होतं हे खरंच. शर्वरीने खाडीच्या मासळीचा काटासुद्धा मुलीच्या तोंडाला लावला नव्हता. पाणी दोनदा गाळलेलं, खेळणी बिनरंगाच्या लाकडाची. जिन्याचं टोक, कपाटाची फट, तापलेला तवा, आंघोळीचं पाणी, सगळ्यांशी तिचं आधीच भांडण होऊन गेलेलं असे. घरातला एकच घास ती न तपासता भरवायची, तो सारभाताचा. आजीचं सार दिसलं की ओजू दोन्ही हात पुढे करायची.

त्या सोमवारी आरोग्यकेंद्रात लसीच्या वेळी, रक्त किती आहे ते बघायला, ओजूचं बोट टोचलं. शर्वरीने परिचारिकेकडून उरलेलं रक्त मागून घेतलं. केंद्रात आल्यावर त्यातला पिवळट द्रव वेगळा केला, आणि पेशींच्या ताटलीतल्या कोपऱ्यातल्या एका खळग्यात दोन थेंब सोडले. वर चिठ्ठी लावली, क-१७. हे नियमात बसत नव्हतं. ताटली उबेत ठेवताना तिने मनात म्हटलं, सगळ्या जिवंत राहा गं.

महिनाभरापूर्वी केंद्रात नवं वाचनयंत्र आलं होतं. जुनं फक्त मेलेल्या पेशी मोजायचं. हे त्या कशा मेल्या ते बघायचं, त्यावरून धातूंचा ठसा ओळखायचं, आणि साठवलेल्या सगळ्या जुन्या चित्रांशी तो जुळवून पाहायचं.

बुधवारी दुपारी तिने ताटली यंत्राखाली सरकवली. पडद्यावर अक्षरं उमटली.

क-१७. मृत पेशी एकतीस टक्के. ठसा: शिसे, कथील, अँटिमनी. जुळणारे नमुने: मुरवंडी खाडी, मासळी ४, ५, ६.

‘‘हा कुठला मासा?’’ मागून दळवी मॅडमचा आवाज आला. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या ते तिला कळलंच नव्हतं.

‘‘मासा नाही मॅडम,’’ शर्वरी म्हणाली. ‘‘ओजू आहे.’’

दळवी मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी शेजारचं स्टूल ओढलं आणि बसल्या. त्या आणि शर्वरी दोघीच त्या खोलीत होत्या. भिंतीतला पंखा गरगरत होता.

‘‘खाडीतलं काही खाल्लंय का तिने?’’

‘‘काटासुद्धा नाही.’’

‘‘मग खाडीचा ठसा तिच्या रक्तात आला कुठून? अगं, नीट बघ. शिसं समजू शकते मी. पण कथील? खाडीच्या वरच्या औद्योगिक वसाहतीत एकही कारखाना कथील वापरत नाही, ती यादी मीच केलीय. तेव्हाच्या यंत्राला हे दिसलं नव्हतं. कथील खाडीत येईल कुठून?’’

शर्वरीने मान वळवली. खिडकीतून तिच्या खोलीची पायरी दिसत होती. पायरीवर सकाळचा टोप घासून पालथा घातलेला होता, उन्हात चकाकत होता. बाहेरून पिवळा, आतून पांढरा. आतून पांढरा, कारण त्याला कल्हई होती. कल्हई म्हणजे कथील.

आणि त्यात आठवड्यातून दोनदा आंबट सार.

पितळेची भांडी पुन्हा घराघरांत आली होती, प्लास्टिक गेल्यापासून. दिवाळीआधी मोटारसायकलवरून एक कल्हईवाला यायचा, गॅसची शेगडी आणि चकचकीत कांड्यांची पिशवी घेऊन. कांड्या तो स्वतःच ओतायचा, जुन्या यंत्रांच्या पट्ट्यांवरचा, सांधे जोडणारा शिशाचा डाख आणि मोडक्या बॅटऱ्या वितळवून. स्वस्तात करायचा. शर्वरीच्या डोहाळजेवणाआधी सुगंधाबाईंनी घरातलं प्रत्येक भांडं त्याच्याकडून उजळून घेतलं होतं, आणि होडेकरांनी केलं म्हणून अख्ख्या गावाने.

‘‘मॅडम, मला एक रात्र द्या,’’ ती म्हणाली. ‘‘त्या टोपात नुसतं आमसुलाचं पाणी ठेवते. उद्या पेशींवर घालते.’’

दळवी मॅडमनी टोपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ‘‘पण मग खाडीचे नमुने? मासा काय टोपातून आला होता? ‘होडीवरून थेट’ असं लिहिलंय नमुन्यांसोबतच्या कागदावर. सही तुझी आहे.’’

‘‘सही माझी आहे,’’ शर्वरी म्हणाली. आणि खुर्चीत बसून तिने दोन वर्षांत कोणालाही न सांगितलेली गोष्ट सांगितली.

नमुने घ्यायच्या दिवशी तिचे पाय सुजले होते. धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. ती लाल डबा घेऊन निघाली तशी सुगंधाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. ‘‘खंय निघालीस? आठव्या महिन्यात त्या पायऱ्या उतरतेस? दे तो डबा हिकडं. मासा घ्यायचा आणि डब्यात टाकायचा, त्याला काय कॉलेज लागतं?’’ आणि त्या गेल्या. ठरलेल्या तिन्ही होड्यांवरून बोय आणि काळुंदर घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा शर्वरीच्या हातात दिला. मासे बर्फावर ओळीने मांडलेले होते, स्वच्छ, चकचकीत. बुळबुळीचा मागमूस नव्हता. आणि बर्फाला अगदी पुसट, आमसुलाचा वास होता.

शर्वरीच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे. हेही सुटलं नव्हतं. रात्रभर ते मासे आमसुलाच्या पाण्यात, टोपात होते हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. केंद्राला द्यायचा मासा म्हणजे पाहुण्याला द्यायचा मासा, तो बुळबुळीत कसा द्यायचा? सासूने मायेने केलं होतं. पुन्हा धक्क्यावर जायचं तर आठ दिवस थांबायला लागलं असतं. आमसुलाने काय होतंय, असं म्हणून तिने सही केली होती.

दळवी मॅडमनी पडद्यावरची अक्षरं पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, ‘‘पेशी खोटं बोलत नाहीत. कोण म्हणालं होतं गं हे?’’

‘‘मी.’’

‘‘हं.’’ त्या उठल्या. ‘‘सोमवारपर्यंत मी काही पाहिलेलं नाही. त्या पोरीला आधी रत्नागिरीला ने. आजच. शिसं शरीरातून निघतं, पण आत जाणं थांबलं तरच. आणि सोमवारी तुझ्याकडून कागद आला तर मी तो वर पाठवीन. तुझी नोकरी राहायची नाही शर्वरी, हे आधीच सांगते. कागद आला नाही, तर काय करायचं ते मला अजून माहीत नाही.’’

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी औषध दिलं, लोह दिलं, दर महिन्याला यायला सांगितलं. बोलणं येईल का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, ‘‘वेळेत आलात. बघू या.’’ ‘बघू या’ हा शब्द शर्वरीने परतीच्या बसमध्ये उलटसुलट करून पाहिला, त्यातून काही निघालं नाही.

त्या बुधवारी संध्याकाळी टोप गडग्यावर परत गेला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

शनिवारी सकाळी टोपातल्या पाण्याने चाळीस टक्के पेशी मारल्या. ठसा तोच. शर्वरीने प्रणितला फोन लावला. तिकडे वारा इतका होता की तो प्रत्येक वाक्य दोनदा बोलत होता.

‘‘ओजू बरी होईल ना? बरी होईल ना?’’

‘‘डॉक्टर बघू म्हणाल्यात.’’

‘‘शर्वू, आईला नको सांगूस. टोप हरवला म्हण. विहिरीत पडला म्हण. मी आलो की स्टीलचा आणतो.’’

‘‘आणि खाडी?’’

‘‘एक वर्ष राहिलंय. उघडेल आपोआप. दोन वर्षं काढली ना आपण? तू सांगितलंस तर नोकरी जाईल, आणि ती... अगं, ती मरेल. आपल्या हाताने नातीला... कसं सांगणार आहेस तू तिला हे?’’

‘‘बाकीच्या घरांतल्या टोपांचं काय करू?’’ शर्वरीने विचारलं. ‘‘तीच कल्हई गावात एकशे दहा चुलींवर आहे. तिथे पण मुलं आहेत. त्यांचे पण टोप विहिरीत पडले म्हणू?’’

मग प्रणित म्हणाला, ‘‘सही तू कशाला केलीस गं?’’

त्याने रागाने विचारलं नव्हतं. तिने फोन ठेवला आणि टोप वरच्या फळीवर, ओजूचा हात पोचणार नाही तिथे सरकवला.

रविवारी सकाळी ओजूला भरवत असताना फाटकाची कडी वाजली. शर्वरीने आधी लक्ष दिलं नाही, कारण त्या कडीला कोणी हात लावत नसे. ती पुन्हा वाजली.

‘‘शर्वरीऽऽ!’’

गडग्यापलीकडे सुगंधाबाई उभ्या होत्या. हात रिकामे. दोन वर्षांत त्या थकल्या होत्या, जवळून दिसत होतं. श्वास लागला होता.

‘‘टोप आला नाय परत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हटलं, पोर बरी हाय ना?’’

त्या रिकाम्या हातांकडे बघून शर्वरीला रडू आलं, पण तिने ते मागे ढकललं. आता रडली तर सांगता येणार नाही, हे तिला कळत होतं.

‘‘आत या आई.’’

‘‘नको. इथनंच सांग.’’

तिने तिथूनच सांगितलं. आडवळणाने नाही, शब्द निवडून नाही, एकदम. कल्हईत शिसं आहे. आंबट पदार्थाने ते सुटतं. सारातून ओजूच्या अंगात गेलं. औषध चालू आहे.

सुगंधाबाईंनी गडग्यावर हात टेकला. ज्या जागी त्या टोप ठेवायच्या तिथेच. ‘‘माझ्या सारातनं?’’

‘‘टोपातनं आई. सारातनं नाही.’’

‘‘येकच झालं ते.’’ त्यांनी ओजूकडे पाहिलं. ओजूने आजी दिसताच दोन्ही हात पुढे केले होते आणि ती सार शोधत होती. सुगंधाबाईंनी मान फिरवली. खाडीकडे बघत त्या उभ्या राहिल्या, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू जुळत गेलेलं शर्वरीला दिसलं. ही बाई धक्क्यावर चाळीस वर्षं लिलाव बोललेली, तिला हिशेब समजावून सांगावा लागत नसे.

‘‘ते तुझ्या डब्यातले मासे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ते मी टोपात ठेवलं होते.’’

‘‘हो.’’

‘‘म्हणजे खाडी चांगली होती?’’

‘‘बहुतेक चांगलीच होती.’’

‘‘तुला ठावं होतं? मी धुतलं होते ते?’’

इथे खोटं बोलता आलं असतं. वाक्य तोंडाशी आलं होतं, आणि त्याने दोघींचं भलंच झालं असतं.

‘‘वास आला होता मला,’’ शर्वरी म्हणाली. ‘‘मी काही बोलले नाही. सही केली. चूक माझी आहे आई, तुमची नाही. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मला शिकवलं होतं.’’

सुगंधाबाई हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाल्या, ‘‘बुळबुळीत मासा द्यायचा कसा गो हापिसात?’’ त्यांनी पदराने तोंड पुसलं, पदर पुन्हा खोचला. ‘‘सगळ्यांच्याच टोपात हाय ते?’’

‘‘सगळ्यांच्याच. मी उद्या कागद देतेय. गावात सांगायला येते मी.’’

‘‘तू नको,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुझं कोण ऐकणार? मी सांगतंय.’’

‘‘आई, तुमचंही रक्त तपासायला हवं. हाताला मुंग्या येतात असं प्रणित म्हणाला होता.’’

पण त्या वळल्या होत्या. डावीकडे कललेली पाठ उताराला लागली, सुरूंच्या आड गेली. शर्वरीने ओजूला उचललं आणि टेकाडाच्या कडेला जाऊन उभी राहिली. खाली गाव दिसत होतं. सुगंधाबाई पहिल्या घराच्या अंगणात शिरल्या, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. त्या काय बोलत होत्या ते इतक्या वर ऐकू येत नव्हतं. फक्त प्रत्येक दारात थोडा वेळ थांबलेली ती एकटी बाई दिसत होती. आणि एकेका दारातून पितळेची भांडी बाहेर येऊन अंगणात पडत होती, उन्हात चमकत. शर्वरी मोजत राहिली. सतरा घरांनंतर तिला पुढचं दिसेना.

सोमवारी तिने कागद दिला. त्यात तिने लिहिलं की नमुने होडीवरून थेट आले नव्हते, हे मला माहीत होतं. ‘नमुना रात्रभर कोणाच्या ताब्यात होता’ या रकान्यात तिने स्वतःचं नाव घातलं, मग ते खोडलं, आणि ‘आमच्या घरी’ असं लिहिलं. दळवी मॅडमनी वाचून खाली सही केली. ‘‘कासविणीला आज मीच घालीन खायला,’’ एवढंच म्हणाल्या.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. शर्वरीला कामावरून दूर केलं गेलं. दुसऱ्या केंद्रातली माणसं आली, त्यांनी धक्क्यावर उभं राहून, स्वतःच्या हाताने, उड्या मारणारी मासळी सीलबंद डब्यात घेतली. अठ्ठेचाळीस तासांनी कासविणीच्या पेशी काचेला घट्ट धरून होत्या. पंधरा दिवसांत खाडी उघडल्याचा फलक लागला. गावातल्या चौतीस मुलांचं रक्त तपासलं, अकरा जणांत शिसं निघालं. कल्हईवाला पुन्हा आला नाही. शर्वरीला हे सगळं दळवी मॅडमकडून कळत होतं. गावातून टेकाडावर कोणी आलं नाही. सुगंधाबाईही नाहीत. एक बुधवार गेला, रविवार गेला, असे पाच बुधवार, पाच रविवार गेले. गडग्यावर नुसती सुरूची सुकी सुयांसारखी पानं पडत राहिली. ओजू साडेआठला दाराशी जाऊन बसायची. शर्वरी तिला उचलून आत आणायची.

गाव म्हणतं काय, हे तिने एकदाच विचारलं. दळवी मॅडम म्हणाल्या, ‘‘निम्मे म्हणतात, सांगितलंन म्हणून पोरं वाचली. निम्मे म्हणतात, दोन वर्षं गेली ती कोण देणार. आणि दोन्ही खरंच आहे.’’

‘‘आणि आई?’’

‘‘त्या काहीच म्हणत नाहीत. धक्क्यावर बसतात.’’

वसाहतीतली खोली महिनाअखेरीला रिकामी करायची होती. प्रणितने रत्नागिरीत खोली बघितली होती. सामान थोडंच होतं, दोन दिवसांत बांधून झालं. शेवटच्या बुधवारी शर्वरी तांदळाच्या डब्याला दोरी आवळत असताना ओजू दाराशी बसलेली होती, आणि ती ओरडली, ‘‘आ! आ!’’

गडग्यावर स्टीलचा डबा होता. कोरा, वरची दुकानाची चिठ्ठीसुद्धा न काढलेला. शर्वरी धावत फाटकापर्यंत गेली. उतारावर कोणी नव्हतं. डब्याखालचा चिरा ओला होता, आणि वाटेवर पाण्याचे चार-पाच थेंब होते, धक्क्यावरून सरळ चालत आल्यासारखे.

तिने झाकण उघडलं.

आत एक बोय होती. ताजी, डोळा अजून पाणीदार. धुतलेली नव्हती. खवल्यांसकट, पोट न फाडलेली, बुळबुळीने माखलेली, कल्ल्यात खाडीचा काळा चिखल तसाच. होडीवरून थेट.

हा टोमणा आहे की माफी, हे शर्वरीला कळेना. ती माशाकडे बघत राहिली. सुगंधा होडेकरने आयुष्यात कोणाला असा मासा दिला नसेल. तो डब्यात टाकताना त्या हातांना किती जड गेलं असेल, हे मात्र तिला दिसलं.

बांधलेल्या सामानातून तिने विळी काढली. मासा साफ केला, तुकडे केले, आणि हळद-मीठ घालून उकडले. काटा आहे का ते तीन वेळा बोटाने चाचपून एक पांढरी फोड ओजूच्या तोंडात घातली. ओजूने ती इकडून तिकडे फिरवली, विचार केला, आणि तोंड पुन्हा उघडलं.

मग डबा घासायचा राहिला. शर्वरीने तो घासला, पुसला आणि आजूबाजूला पाहिलं. तांदूळ दोरीत, साखर संपलेली, केळी नाहीत. गडग्यावर ठेवायचं तर रिकामा ठेवावा लागला असता, आणि उद्या न्यायला येणाऱ्याला इथे कोणी भेटलं नसतं.

ती डबा हातात घेऊन उभी होती तेव्हा ओजूने हातातलं अर्धं चघळलेलं बिस्किट त्यात टाकलं आणि दोन्ही हातांनी झाकण दाबून बसवलं. मग वर बघून म्हणाली, ‘‘बू.’’

शर्वरीने ते बिस्किट काढलं नाही. तिने ओजूला कडेवर घेतलं, पायात चप्पल सरकवली आणि फाटकाची कडी काढली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती उतारावरून सासरच्या वाटेला वळली. खाली खाडीत भरती होती. होड्या सगळ्या बाहेर गेल्या होत्या, वाळूवर नुसते झाप उरले होते. होडेकरांच्या घराचं दार लांबून उघडं दिसत होतं. पायरीवर कोणी होतं की नव्हतं, ते अजून इतक्या लांबून कळत नव्हतं.